गिरणीचे फाटक आणि रस्ता : डिलाईल रोडवरील पादचाऱ्याच्या सुरक्षिततेचा इतिहास

बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यापासून पायी चालणाऱ्याने आपला जीव कसा सांभाळावा, हा प्रश्न सामान्यतः सावधगिरीच्या उपदेशाचा मानला जातो. दोन्ही बाजू पाहून रस्ता ओलांडावा, घाई करू नये, एवढे सांगितले की त्याची बोळवण होते. वस्तुतः हा प्रश्न इतिहासाचाही आहे. रस्त्यावर यंत्र आले तेव्हा त्यापासून उद्भवणाऱ्या धोक्याची जबाबदारी ते चालविणाऱ्यावर, त्याच्या मालकावर, की त्याच्या वाटेत येणाऱ्या माणसावर ठेवावयाची, याचा निर्णय कायद्याने टप्प्याटप्प्याने केलेला आहे. हे टप्पे पाहावयास मुंबईच्या गिरणगावातील डिलाईल रोडइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. येथे गिरणीच्या फाटकाच्या आत आणि बाहेर, एकाच माणसाला, यंत्राविषयीचे दोन भिन्न न्याय दीर्घकाळ लागू होते.

(१)

सात रस्त्याच्या चौकाकडून लोअर परळकडे उत्तरेस जाणारा हा रस्ता आता ना. म. जोशी मार्ग या नावाने ओळखला जातो. लोकांच्या बोलण्यात मात्र डिलाईल रोड हेच नाव टिकून आहे. अपोलो व मथुरादास या गिरण्या आणि रेल्वेचा लोअर परळ येथील कारखाना याच रस्त्यावरचे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बी. डी. डी.ने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी वरळीस १२१, नायगावास ४२, शिवडीस १२ आणि डिलाईल रोडला ३२ होत्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या धरल्या, तर केवळ डिलाईल रोडच्या बी. डी. डी. चाळींत २,५६० खोल्या होतात. खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट. एवढ्या जागेत कुटुंब आणि गावाकडचे सोबती राहत, तेव्हा मुलांचे खेळ, उन्हाळ्यातील झोप, सभा आणि उत्सव रस्त्याच्या आधारानेच होत. रस्ता हा घराचाच वाढीव भाग होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९२५ च्या सुमारास मुंबईतील गिरणीकामगारांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक आपल्या गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीच्या आत राहत असत, असे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी नमूद केले आहे. म्हणजे गिरणगावातील कामगार हा मूलतः पादचारी होता. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आणि १५ जुलै १९२६ रोजी मोटारबस सुरू झाली. तरी पाळीला जाण्यासाठी कामगाराला यांपैकी कशाचीही नित्य गरज नव्हती. भोंगा झाला की एक पाळी बाहेर पडे व दुसरी आत जाई, आणि त्या वेळी रस्ता माणसांनी भरून जाई. अशा गर्दीतून वाहन हाकणाऱ्यास वेग आवरण्यावाचून गत्यंतर नसे. हे संरक्षण कोणी योजिलेले नव्हते. ते संख्येतून आपोआप निर्माण झालेले होते. गर्दी ओसरली की तेही नाहीसे होई.

(२)

आता फाटकाच्या आतील स्थिती पाहावी. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यातील तरतुदी तोकड्या होत्या. तरी धोकादायक यंत्राभोवती कठडा असला पाहिजे, हे तत्त्व त्यात आले होते. कामगाराने पट्ट्यापासून जपून वागावे, एवढ्यावर कायदा थांबला नाही. पट्ट्याला आडोसा करण्याचे काम त्याने कारखानदारावर टाकले. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे गिरणीकामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती, कामाचे मर्यादित तास व वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती : काम करताना इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. या मागणीत चूक कोणाची, हा प्रश्नच उपस्थित केलेला नाही. इजा झाली, एवढे पुरे.

या मागणीस कायद्याचे रूप येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. कामातून व काम चालू असताना उद्भवलेल्या अपघाताबद्दल मालकाने भरपाई द्यावी. त्यासाठी मालकाची हयगय सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे त्याचे सूत्र होते. त्या वेळी केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडणारे नियुक्त सभासद नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) हे होते. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे आणि १९२० मध्ये आयटकच्या उभारणीत भाग घेणारे हेच जोशी. डिलाईल रोडला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

(३)

फाटकाबाहेरील न्याय निराळा होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकणाऱ्यास किंवा घोडा दौडविणाऱ्यास २०२४ पर्यंत शिक्षा सांगत असे. मोटार अस्तित्वात येण्यापूर्वीचे हे कलम घोडागाडीच्या जगातील आहे. १८७० मध्ये कलम ३०४-अ घालण्यात येऊन अशा कृत्याने मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. १९०२ मध्ये ओंकार रामप्रताप खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी या कलमाचा अर्थ स्पष्ट केला : मृत्यू हा आरोपीच्या बेदरकार कृत्याचा साक्षात परिणाम असला पाहिजे, ते कृत्य अनेक कारणांपैकी एक होते, एवढे दाखविणे पुरेसे नाही. फौजदारी न्यायात अशी कसोटी योग्यच आहे. मात्र फौजदारी कायदा अपघातानंतर हाकणाऱ्याचा दोष तपासतो; रस्त्यावरील यंत्राला तो कठडा घालू शकत नाही.

दिवाणी मार्गही सोपा नव्हता. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याने मृताच्या कुटुंबास दावा करण्याचा अधिकार दिला, पण प्रतिवादीची हयगय सिद्ध करण्याचा भार त्या कुटुंबावरच राहिला. १९१४ च्या मोटार कायद्याने नोंदणी, परवाना व बेदरकार हाकण्यास बंदी या गोष्टी आणल्या. १९३९ च्या कायद्याने त्यांचा विस्तार केला. त्यातील सक्तीच्या त्रयस्थ विम्याचा भाग १९४६ मध्ये अंमलात आला. १९५६ च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. या सर्व सुधारणा मोलाच्या होत्या. तथापि दोष सिद्ध करण्याची अट कायम होती.

यातून निर्माण झालेली विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. १९२४ नंतर साच्यावर हात गमावलेल्या कामगारास, मालकाचा दोष दाखविल्यावाचून, भरपाई मागता येत असे. तोच कामगार पाळी संपवून फाटकाबाहेर पडला आणि मोटारीखाली सापडला, तर त्याला, किंवा तो मेल्यास त्याच्या विधवेला, हाकणाऱ्याची हयगय साक्षीपुराव्याने शाबीत करावी लागे. वाहन न थांबता निघून गेले, तर प्रतिवादीच उरत नसे. यंत्र दोन्हीकडे होते आणि शरीर एकच होते. मध्ये फक्त फाटक होते. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र सॉल्ट कंपनीच्या प्रकरणात ही सीमा स्पष्ट शब्दांत आखली. सार्वजनिक रस्त्यावर असलेला कामगार तेथे इतर नागरिकांसारखाच असतो. त्या ठिकाणी असणे हे त्याच्या नोकरीचे बंधन असल्याखेरीज तो कामावर आहे असे मानता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

(४)

दोषनिरपेक्ष भरपाईचे तत्त्व रस्त्यावर आले ते १९८२ मध्ये. त्या वर्षीच्या दुरुस्तीने मोटार अपघातातील मृत्यूबद्दल १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये दोष सिद्ध न करता देण्याची तरतूद झाली. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीतही काही रक्कम देऊ करण्यात आली. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर १९८२ पासून लागू झाली. गिरणीतील तत्त्व रस्त्यावर येण्यास अशा रीतीने अठ्ठावन्न वर्षे लागली. त्याच वर्षी १८ जानेवारीस सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार बाहेर पडले होते, आणि त्यांतील पुष्कळांना गिरणीचे फाटक पुन्हा ओलांडावयास मिळाले नाही. ज्या पादचाऱ्याला या तरतुदीची सर्वांत अधिक गरज होती, तो पाळीचा कामगार रस्त्यावरून नाहीसा होऊ लागला असतानाच ती आली.

पुढील टप्पे अलीकडचे आहेत. कामावर जाता-येता घडलेल्या अपघातांचा समावेश २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यात करण्यात आला. २०२२ पासून दोषनिरपेक्ष भरपाई मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये झाली. पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत या रकमा अनुक्रमे दोन लाख व पन्नास हजार आहेत. २००३ मध्ये मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार रात्रपाळीवर जात असता रस्त्यावर मृत्यू पावला. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील आयुक्तांनी त्याच्या कुटुंबास दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. कामाशी वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा संबंध दिसत असेल, तर कामावर जाण्या-येण्याची वाटही कामाच्या कक्षेत येते, असे न्यायालयाने मानले. १९५८ मध्ये आखलेली फाटकाची सीमा अशा रीतीने बऱ्याच अंशी पुसली गेली.

(५)

परंतु भरपाई म्हणजे कठडा नव्हे. गिरणीत दोन्ही तत्त्वे होती : अपघातापूर्वी यंत्राला आडोसा आणि अपघातानंतर माणसाला आधार. रस्त्यावर दुसरे तत्त्व उशिरा का होईना आले. पहिले मात्र अद्याप अपुरे आहे. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक गाडीस गावात ताशी दोन मैलांची मर्यादा घातली होती व तिच्यापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालविण्यास सांगितले होते. ते बंधन अतिरेकी होते आणि पुढे उठलेही. पण धोका आवरण्याची जबाबदारी त्याने यंत्रावर टाकली होती. मोटारींची संख्या वाढत गेली तशी ही जबाबदारी पादचाऱ्याच्या सावधगिरीकडे सरकत गेली. अमेरिकन शहरांच्या बाबतीत १९२० च्या दशकात हे स्थित्यंतर कसे घडवून आणले गेले, याचा शोध पीटर नॉर्टन यांनी घेतला आहे.

सावधगिरी निरुपयोगी आहे, असे नव्हे. बेदरकार हाकणाऱ्याशी चढाओढ न करता त्यास पुढे जाऊ द्यावे, त्याच्यापासून अंतर राखावे, वाहनाचा क्रमांक लक्षात ठेवावा, जखमीस विलंब न लावता रुग्णालयात पोहोचवावे, हे नियम आजही उपयुक्त आहेत. जखमीवर तत्काळ उपचार करणे हे डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले, आणि मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले. पण सावधगिरीची मर्यादा १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्रे येथील कार्टर रोडवर दिसली. पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार जाऊन सात जण मृत्यू पावले. त्या चालकाची तीन वर्षांची शिक्षा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. झोपलेल्या माणसाने कोणती सावधगिरी बाळगावयाची होती ?

हाच प्रश्न महामार्गावर मोठ्या प्रमाणात उभा राहतो. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. एकूण मृत्यूंपैकी ७१.२ टक्के अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत. देशातील रस्त्यांच्या लांबीत सुमारे दोन टक्के असलेल्या राष्ट्रीय महामार्गांवर ६१,०३८ मृत्यू झाले. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पादचारी व दुचाकी यांना मनाई करून यंत्र व माणूस यांना वेगळे करण्यात आले. ज्या महामार्गाच्या एका बाजूस घर आणि दुसऱ्या बाजूस शेत किंवा शाळा आहे, तेथे हा उपाय चालत नाही. तेथे वेगावर मर्यादा, ओलांडण्याची निश्चित जागा आणि मोकळा पदपथ हाच कठडा होय.

डिलाईल रोडवर आता भोंगा होत नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या व उंच इमारती आल्या आहेत. जुलै २०१८ मध्ये बंद झालेला लोअर परळचा पूल नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा पूर्णपणे खुला झाला आहे. पाळीच्या गर्दीने दिलेले आपोआपचे संरक्षण परत येणार नाही, आणि त्याच्या आठवणीवर कोणाची सुरक्षितता अवलंबून ठेवता येणार नाही. जपून काम करा, असे १८८१ पूर्वीही कामगारास सांगितले जात होतेच. यंत्राला कठडा घालण्याचे कर्तव्य कारखानदारावर आले ते कायद्याने. रस्त्याच्या बाबतीत हे कर्तव्य रस्ता बांधणाऱ्या व त्यावरील वेग ठरविणाऱ्या सत्तेचे आहे, असा निष्कर्ष गिरणीच्या फाटकाच्या या इतिहासातून निघतो.