कारभारी बदलला, दप्तराचं काय?



मागच्या व्याख्यानानंतर पाचोऱ्यातल्या एका शिक्षकांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, आमच्या शाळेतले कॉम्प्युटर चांगले चालतात, पण विंडोज ११ घेत नाहीत. भंगारात द्यायचे का?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि तो आपल्या मराठीचाही आहे. म्हणून आजचा विषय हाच घेतला.

आधी 'जुना' म्हणजे काय ते बघू. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या तारखांना कोणाच्याही यंत्रातला एक स्क्रूसुद्धा झिजला नव्हता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत तो साधारण २०१७ नंतरचा. म्हणजे यंत्र म्हातारं झालं नाही, ते म्हातारं ठरवलं गेलं.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे वाड्यातला कारभारी समजा. किल्ल्या त्याच्याकडे, कोणाला किती जागा द्यायची तेही तोच ठरवतो. नवा कारभारी म्हणतो, वाडा मोठा हवा. अशा वेळी वाडा पाडायचा, की कमी जागेत भागवणारा कारभारी आणायचा? हा दुसरा पर्याय जगाला कसा मिळाला, त्यासाठी आपल्याला १९९१ सालात जावं लागेल.

त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्टमध्ये आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचं जाहीर केलं. तीच पुढे लिनक्स झाली. ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. आणि भारतात त्याच साली इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतपद्धती मानक ब्यूरोने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यामागे आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट'चं काम होतं. युनिकोडची देवनागरीही इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेली आहे.

म्हणजे कारभारी आणि लिपी, दोन्हींची सोय एकाच वर्षी झाली. मग अडलं कुठे?

अडलं छापखान्यात. त्या काळची डीटीपीची सॉफ्टवेअरं इंग्रजीसाठी बनलेली होती. एकापुढे एक अक्षर मांडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आपली पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना आधी. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे त्यांना जमेना. मग एक युक्ती निघाली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. क्रुतिदेव फॉन्टमध्ये जे, के आणि ई या तीन कळा दाबल्या की पडद्यावर 'राम' दिसतो. पण फाइलीत असतात ती तीन इंग्रजी अक्षरंच. दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. तत्त्वज्ञानात हा भेद शिकवताना मला उदाहरणं शोधावी लागत. इथे तो माझ्याच टेबलावर होता!

शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. पाचोरेकरांना हे पटकन कळेल. आपली जामनेरची पीजे नॅरोगेजची होती आणि मुंबईची लाइन ब्रॉडगेजची. स्टेशन एकच, पण पीजेचा डबा त्या रुळांवर जाणार नाही. सामान उतरवा, पलीकडे चढवा. मराठी मजकुराचं दहा-पंधरा वर्षं हेच झालं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २००८ साली घेतलेल्या माझ्या कॉम्प्युटरवर एक्सपी होती. देखभाल थांबल्यावर एका माजी विद्यार्थ्याने लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घातली. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून दाखवली, मूळ डिस्कला हात न लावता. कॉम्प्युटर तरतरीत झाला. लिबरऑफिस उघडलं. मग मी माझी पंचवीस वर्षांची व्याख्यानं उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा! तो जुना फॉन्ट नव्या कारभाऱ्याकडे नव्हता. 'वाइन' नावाची सोय विंडोजची बरीच सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवते, १९९३ पासून तिचं काम चालू आहे. पण माझ्या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरला एक कुलूप होतं, कॉम्प्युटरला मागून लावायचं. ते तिथे ओळखलं गेलं नाही.

त्या रात्री मला मोडी आठवली. आपल्या आजोबांचे व्यवहार मोडीत झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांचे ढीग आहेत आणि वाचणारे थोडे. कागद शाबूत असून समाज त्याला मुकतो. आपण आपल्या डोळ्यांदेखत दुसरी मोडी तयार केली, आणि तीही तीसेक वर्षांत.

उपाय मात्र निघाले, आणि त्यात आपली माणसं होती. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला. इंडिकट्रान्सच्या गटाने 'गार्गी' हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला, म्हणजे कोणीही वापरा, वाटा, सुधारा. स्वयंसेवकांनी लिनक्सचे मेनू मराठीत आणले. युनिकोडमध्ये 'राम' हा 'राम' म्हणूनच साठवला जातो. कारभारी कोणीही असो, तो वाचतो.

तेव्हा गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. ६४-बिटचे असतील तर हलकं लिनक्स घालून बरीच वर्षं काम देतील. फार जुन्या ३२-बिट यंत्रांचं मात्र कठीण होत चाललंय, २०२५ च्या डेबियन १३ नेही त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर बंद केला. पण काहीही करण्याआधी दप्तर बघा. स्मरणिका, प्रश्नपत्रिका, गावातल्या कोणाची हस्तलिखितं टाइप केलेली असतील. जुना कारभारी जिवंत आहे तोवर त्या फाइली उघडा, फॉन्टचं नाव टिपून ठेवा, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि एकदा डोळ्यांनी तपासा. वेलांट्या आणि रफार हमखास चुकतात. एक छापील प्रतही काढा.

माझी निम्मी व्याख्यानं अशी परत आली. उरलेल्यांचा फॉन्ट कोणता होता, ते सांगणारा टंकलेखक आता हयात नाही.