मंद प्रकाशाने स्मरणशक्ती क्षीण?

दीर्घकाळ मंद प्रकाशात वावरल्यास मेंदूची रचना व स्मरणशक्ती या दोहोंवर परिणाम होऊ शकतो, असे अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. हे संशोधन २०१८ मध्ये ‘हिप्पोकॅम्पस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सामान्यतः उंदीर निशाचर असतात. त्यामुळे या प्रयोगासाठी माणसाप्रमाणे दिवसा वावरणारे आफ्रिकेतील गवती उंदीर निवडण्यात आले. चार आठवडे काही उंदरांना दिवसा १,००० लक्स, तर काहींना केवळ ५० लक्स प्रकाश देण्यात आला. शिकणे आणि स्मरण यांच्याशी निगडित असलेल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या मेंदूच्या भागाची क्षमता मंद प्रकाशातील उंदरांमध्ये सुमारे ३० टक्क्यांनी घटली. हौदातील पाण्याखाली दडवलेल्या चौथऱ्याची शिकलेली जागाही त्यांना नीट आठवेना. चेतापेशींमधील जोडण्या टिकविणारे ‘बीडीएनएफ’ हे प्रथिनही त्यांच्यात कमी आढळले.

दिलासादायक बाब म्हणजे, नंतर चार आठवडे प्रखर प्रकाश मिळताच ही हानी भरून निघाली.

हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि, दिवसभर बंद खोलीत बसणाऱ्या घरातील वृद्धांची खाट खिडकीजवळ हलविण्यास हे कारणही पुरेसे ठरावे.