चीफसाहेबांची वंशावळ

युद्धनौकेवर नवा पोरगा सीमन म्हणून रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याला कळतं, की जहाजावर खरा धाक कोणाचा. कॅप्टनचं दर्शन क्वचित. पण दोर नीट गुंडाळला नाही, ब्रश धुवायचा राहिला, होडी उतरवताना हात नको तिथे ठेवला, की मागून जो आवाज येतो तो बफरचा. बफर म्हणजे चीफ बोसन्स मेट. डेकवरचे दोरखंड, नांगर, होड्या, रंगकाम, सगळं त्याच्या ताब्यात. त्याला कमिशन नाही, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्याचं ताट नाही. पण अकादमीतून नुकताच आलेला सब-लेफ्टनंट नांगर टाकताना एक डोळा समुद्रावर ठेवतो आणि दुसरा या माणसाच्या चेहऱ्यावर.

इंजिन रूममध्ये, रडारपाशी, तोफेपाशी, गॅलीत, प्रत्येक शाखेत असा एक माणूस असतो. सीमन, लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि सर्वांत वर मास्टर चीफ पेटी ऑफिसर, तोही आधी द्वितीय आणि मग प्रथम श्रेणीचा, अशी ही शिडी आहे. शेवटच्या दोन पायऱ्या लष्करातल्या सुभेदार आणि सुभेदार मेजरच्या बरोबरीच्या. सेवेच्या अखेरीस मोजक्यांना ऑनररी सब-लेफ्टनंट किंवा ऑनररी लेफ्टनंट हा मान मिळतो.

नौदलाचे इतिहास लिहिले जातात ते ॲडमिरलांचे, जहाजांचे आणि लढायांचे. मला या मधल्या माणसाचा माग काढावासा वाटला. त्याचा इतिहास म्हणजे राज्यकर्त्यांनी खलाशाला दिलेल्या शब्दाचा, आणि अनेकदा न दिलेल्या शब्दाचा, इतिहास आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश आरमारात खलाशाला नोकरी अशी नव्हतीच. मोहीम ठरली की माणसं गोळा करायची, कमी पडली तर बंदरातून जबरदस्तीने उचलून आणायची, आणि जहाज परतलं की हिशेब चुकता करून सगळ्यांना घरी पाठवायचं. कायम राहत ते बोसन, गनर आणि सुतार. त्यांच्याकडे वॉरंट असे. जहाज गोदीत रिकामं उभं असलं तरी ते जहाजाला धरून राहत. त्यांच्या खालोखाल पेटी ऑफिसर. त्याला निवडायचा कॅप्टन, आणि त्याची प्रतिष्ठा त्या एका जहाजापुरती. वीस वर्षं समुद्रात काढलेला हुशार माणूस दुसऱ्या जहाजावर गेला की पुन्हा साधा खलाशी ठरू शकत होता. १८२७ साली पेटी ऑफिसरांना बाहीवर लावायला चिन्ह मिळालं: वरच्या वर्गाला मुकुट आणि नांगर, खालच्या वर्गाला नुसता नांगर. चिन्ह मिळालं, पण नोकरीची शाश्वती अजून नव्हती.

ती मिळाली १८५३ साली. माणसांची टंचाई असह्य झाली होती, आणि वाफेची जहाजं आल्यामुळे दर मोहिमेला नव्याने शिकवलेल्या माणसांवर भागणार नव्हतं. आरमाराने सलग सेवेची पद्धत आणली. मुलगा लहानपणी भरती व्हायचा आणि वयाच्या अठराव्या वर्षापासून दहा वर्षांचा करार करायचा. पुढे आणखी सेवा केली तर पेन्शन. एका जहाजावरून दुसऱ्यावर गेला तरी हुद्दा आणि पगार त्याच्यासोबत जाणार. लीडिंग सीमन आणि चीफ पेटी ऑफिसर हे दोन हुद्दे याच वर्षी निर्माण झाले. हा योगायोग नव्हे. माणूस वीस वर्षं राहणार असेल तरच त्याच्यासाठी वरच्या पायऱ्या बांधण्यात अर्थ असतो. अमेरिकेच्या नौदलाने चीफ पेटी ऑफिसर हा हुद्दा १ एप्रिल १८९३ ला आणला, सीनियर चीफ आणि मास्टर चीफ १९५८ मध्ये. तिथेही क्रम हाच: आधी टिकणारी नोकरी, मग मानाची जागा.

आपल्या किनाऱ्यावर हाच माणूस फार आधीपासून होता. गलबतावर नाखवा, त्याच्या हाताखाली सारंग, मग तांडेल, सुकाण धरणारा सुकाणी आणि बाकी खलाशी. रत्नागिरीपासून पालघरपर्यंत आजही सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावं सापडतात, हिंदूंमध्ये आणि मुसलमानांमध्येही. शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजं बांधायला घेतली, तेव्हा त्यांना माणसं मिळाली ती या कोळी, भंडारी, गाबीत आणि कोकणी मुसलमान घरांतून. १६७९ मध्ये खांदेरीसाठी इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंज दिली ती मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी. नावं सरदारांची राहिली. पण खडकाळ बेटावर दगड आणि धान्य पोचवणाऱ्या होड्या हाकल्या त्या तांडेलांनी.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या ग्रंथातला एक मुद्दा माझ्या मते फार मोलाचा आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, समुद्रावर जे हाती लागेल त्यावर सोडू नये, असं अमात्य सांगतात. तसं केलं तर सावकारांना उपद्रव होतो आणि बंदरं बसतात, हे त्यांनी दिलेलं कारण. दर्यावर्दी माणसाला राज्याने ठरलेला पगार द्यावा, नाहीतर तो व्यापाऱ्याच्या जिवावर उठेल, हे शहाणपण ब्रिटिश आरमाराच्या १८५३ च्या निर्णयाहून सव्वाशे वर्षांहून अधिक जुनं आहे.

ते फार दिवस पाळलं गेलं नाही. पुढे ईस्ट इंडिया कंपनी आली, आणि सारंगाचं रूपच पालटलं.

कंपनीच्या आणि नंतर पी अँड ओ सारख्या मोठ्या जहाज कंपन्यांच्या जहाजांवर सारंग हा मुकादम झाला. जहाजाला माणसं हवी असली की तो आपल्या गावची पोरं, भाचे, मेहुणे घेऊन येई. डेकवर रत्नागिरीचे, इंजिनपाशी पंजाबचे किंवा कलकत्त्याहून निघणाऱ्या जहाजांवर सिल्हेटचे, आणि जेवणघरात गोव्याचे, अशी विभागणी ठरून गेली. गोव्याचे लोक मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या क्लबांत, पुढच्या जहाजाची वाट पाहत. साहेबाचा हुकूम सारंग आपल्या बोलीत खलाशांना सांगे, भांडणं मिटवी, आजारी पोराची काळजी घेई, आणि त्यांच्या पगारातला हिस्साही घेई. जहाजावर चढण्याआधीच कितीतरी खलाशी त्याच्या कर्जात असत. त्याला नुसता शोषक म्हणणं अपुरं, आणि नुसता पालक म्हणणं खोटं. कंपनीने खलाशाला कसलीच हमी दिली नव्हती. ती पोकळी सारंगाने भरली आणि तिची किंमत वसूल केली. खलाशाच्या हातात फक्त त्याची नळी असे, म्हणजे प्रत्येक फेरीची नोंद असलेलं कागदपत्र. तीच त्याची सेवा, तीच त्याची ओळख.

मुंबईच्या सरकारी आरमाराचं नाव सतत बदलत राहिलं. बॉम्बे मरीन, १८३० मध्ये इंडियन नेव्ही, १८६३ मध्ये पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७ मध्ये हर मॅजेस्टीज इंडियन मरीन, १८९२ मध्ये रॉयल इंडियन मरीन. नाव काहीही असो, खालची माणसं मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातली, त्यांतही कोकणी मुसलमान अधिक. पहिल्या महायुद्धातल्या रॉयल इंडियन मरीनच्या पदकांवर पेटी ऑफिसर नव्हे, तर सारंग, तांडेल, लस्कर (म्हणजे साधा खलाशी) हेच हुद्दे कोरलेले आहेत.

१९२८ मध्ये या दलाला लढाऊ दलाचा दर्जा मिळाला आणि १९३४ मध्ये ते रॉयल इंडियन नेव्ही झालं. दोन वंश इथे एकत्र आले. तांडेलाच्या पोराच्या बाहीवर ब्रिटिश पेटी ऑफिसरचं चिन्ह चढलं, आणि त्याला पहिल्यांदाच सलग सेवा, नियमाने बढती आणि पेन्शन मिळाली. गोरा खलाशी आणि हिंदी खलाशी यांच्या पगारात, जेवणात आणि वागणुकीत मात्र मोठी तफावत होती.

दुसऱ्या महायुद्धाने सगळं उलटंपालटं केलं. १९३९ साली दोन हजारांच्या आत असलेलं हे दल युद्धाच्या अखेरीस पंचवीस हजारांवर गेलं. आता भरती फक्त कोकणातून नव्हती. पंजाब, बंगाल, मद्रास, संयुक्त प्रांत, सगळीकडून शिकलेली पोरं आली. बिनतारी यंत्र, रडार, सिग्नल शिकली आणि झपाट्याने लीडिंग हँड आणि पेटी ऑफिसर झाली. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशांच्या आश्रयगृहात दुसऱ्या महायुद्धातल्या जवळजवळ ६,५०० खलाशांचं स्मारक आहे. नौदलातले आणि व्यापारी जहाजांवरचे, दोन्ही. त्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही.

युद्ध संपलं आणि या पोरांना कळलं की आपली गरजही संपली. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या तलवार या सिग्नल शाळेत निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून संप सुरू झाला. पाहता पाहता तो ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नौसैनिकांपर्यंत पसरला. संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान, लीडिंग सिग्नलमन, आणि उपाध्यक्ष मदन सिंग, पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. मागण्यांमध्ये आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका होती, गोऱ्यांइतका पगार होता, आणि सेवामुक्त होणाऱ्यांना नीट काम मिळावं हेही होतं. या उठावाची राजकीय बाजू पुष्कळ सांगितली गेली. त्याचं नेतृत्व शिडीच्या नेमक्या मधल्या पायऱ्यांवरून आलं, याकडे कमी लक्ष गेलं. ज्याला जबाबदारी दिली, यंत्र शिकवलं, हुद्दा दिला, त्यालाच उद्या रस्त्यावर सोडायचं, हे या माणसांना सहन झालं नाही. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांना ते लगेच कळलं. ते रस्त्यावर उतरले, आणि मुंबईत दोनशेहून अधिक माणसं गोळीबारात गेली.

प्रजासत्ताकाबरोबर पेटी ऑफिसरच्या चिन्हावरचा मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. त्याखालचे एकमेकांवर तिरके दोन नांगर तेच राहिले. आज नौसैनिकांना लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ या नौदलाच्या प्रशिक्षण ठाण्यावर इंजिनाचं, मालाडच्या हमलावर रसद आणि गॅलीचं, ओडिशातल्या चिल्कावर पहिल्या पावलांचं शिक्षण, आणि कोईमतूरच्या अग्रणीवर पेटी ऑफिसरांसाठी नेतृत्वाचे अभ्यासक्रम. पेटी ऑफिसरच्या जागी पोचेपर्यंत सहसा सेवेचं पहिलं दशक सरत आलेलं असतं, आणि चीफ होईपर्यंत दुसरं बरंच गेलेलं. गॅस टर्बाइनचा आवाज ऐकून कुठला बेअरिंग कुरकुरतोय हे सांगणारा कान यापेक्षा लवकर तयार होत नाही.

शिडीची ही मधली पायरी लढाईतही दिसली. १९७१ च्या युद्धात कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्या हाताखालच्या तोफनौका खुलनाकडे घुसल्या होत्या. तिथे बोट बुडाल्यावर जखमी अवस्थेत सोबत्यांना गोळीबारातून किनाऱ्याला आणणारे आणि मग दोघांना निसटता यावं म्हणून स्वतः शत्रूच्या अंगावर धावून गेलेले चिमण सिंग लीडिंग सीमन होते. त्यांना महावीर चक्र मिळालं. ते मिळवणारे ते नौदलातले एकमेव नौसैनिक आहेत.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता नौसैनिक अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी येतो, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम ठेवलं जातं. चिल्कावरून पहिली तुकडी २८ मार्च २०२३ ला बाहेर पडली. तिच्यात २७३ मुली होत्या, आणि नौसैनिक म्हणून मुली येण्याची ही पहिलीच वेळ. हा बदल अभिमानाचा आहे. दल तरुण राहावं आणि पेन्शनचा बोजा आटोक्यात यावा, ही सरकारची कारणंही खोटी नाहीत. पण ज्या पद्धतीतून चीफ जन्माला आला, तिच्या विरुद्ध दिशेने हे पाऊल पडलं आहे. पायदळात चार वर्षांत पुष्कळ शिकवता येतं. पाणबुडीच्या बॅटऱ्या, सोनारवरचे आवाज, क्षेपणास्त्रांची देखभाल चार वर्षांत नुसती ओळखीची होते.

४ डिसेंबर २०२३ ला मालवणात नौदल दिन साजरा झाला. नौदलातले हुद्दे आता भारतीय परंपरेला धरून असतील, अशी घोषणा पंतप्रधानांनी तिथे केली. सिंधुदुर्गासमोर ही गोष्ट बोलली गेली, याचा कोकणातल्या माणसाला आनंद व्हावा आणि मलाही झाला. सारंग, तांडेल ही नावं जरूर परत यावीत. त्याचबरोबर अमात्यांनी सांगितलेली नेमणुकीची गोष्टही परत यावी: नौदलापुरतं तरी कायम ठेवण्याचं प्रमाण पंचवीस टक्क्यांवरून निम्म्याच्या वर न्यावं, आणि तांत्रिक शाखांमध्ये त्याहून अधिक. २०२२ च्या अखेरीस चिल्कात दाखल झालेल्या त्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात.