दोन पृथ्व्या, एक बखर आणि कोल्हापूरची गादी

समांतर विश्वांच्या कल्पनेचे मूळ भौतिकशास्त्रात शोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ह्यू एव्हरेटने १९५७ साली पुंजयामिकीचा बहुविश्ववादी अन्वयार्थ मांडला, हे खरेच. परंतु लोकप्रिय वाङ्मयात ही कल्पना स्थिरावली ती एका संपादकीय अडचणीतून. अमेरिकन चित्रकथांत १९४० साली ‘फ्लॅश’ या नावाने जे गॅरिक अवतरला होता. १९५६ साली तेच नाव घेऊन बॅरी ॲलन हा दुसराच नायक आला. एका नावाचे हे दोन अतिमानव नांदवायचे कसे? सप्टेंबर १९६१ च्या अंकात गार्डनर फॉक्सने त्यांना दोन वेगळ्या पृथ्व्यांवर बसवले आणि पेच मिटवला. (इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याला परिचित झालेल्या वेताळापुढे हा प्रश्न नव्हता. त्याचे सातत्य वंशपरंपरेने सांभाळले होते, आणि वंशावळी वाचण्याची सवय मराठी वाचकाला जुनीच.)

फॉक्सच्या या कथेतील लक्षणीय गोष्ट विज्ञान नव्हे, संहिता आहे. बॅरी ज्या नायकाच्या चित्रकथा लहानपणी वाचत असे, तोच त्याला दुसऱ्या पृथ्वीवर सदेह भेटतो. त्या चित्रकथांचा लेखक म्हणून फॉक्सचेच नाव कथेत येते, आणि त्याला स्वप्नात दुसऱ्या विश्वाची वार्ता मिळत असावी असा खुलासा केला जातो. एका विश्वातील ललितकृती दुसऱ्यातील वस्तुस्थिती ठरते.

मराठीत या आशयसूत्राला वेगळे वळण मिळाले. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा नायक अतिमानव नाही, इतिहासाचा प्राध्यापक आहे. ज्या विश्वात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले, त्या विश्वात तो जाऊन पोहोचतो. परततो तेव्हा पुरावा म्हणून त्याच्यापाशी उरते ते बखरीचे एक पान. येथे दिशा उलटी आहे. तिथले वास्तव आपल्या विश्वात येताच ललित भासू लागते. शिवाय साक्षीला उभी केली आहे ती बखर. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपतपूर्व काळाच्या अस्सल पत्रांचा, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वासार्हतेवर कठोर प्रहार केले. अशा संशयित वाङ्मयप्रकाराला नारळीकर भौतिक पुराव्याची प्रतिष्ठा देतात. कथेतील ही विनोदबुद्धी समीक्षेने पुरेशी टिपलेली नाही. विज्ञानकथा म्हणून तिचा विचार झाला की चर्चा अनिश्चिततेच्या तत्त्वापाशी अडते.

तथापि कथेतील पर्यायी इतिहासाचा अक्ष पुणे, मुंबई, दिल्ली असा आहे. कोल्हापुरातून पाहणाऱ्याला वेगळाच प्रश्न पडतो. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये रीतसर वेगळी झाली. डिसेंबर १७६० मध्ये, म्हणजे पानिपताच्या अगदी तोंडावर, कोल्हापूरचे छत्रपती संभाजी निपुत्रिक निवर्तले. दोन्ही गाद्या एकत्र कराव्यात ही पेशव्यांची इच्छा होती. राणी जिजाबाईंनी ती मोडून काढली आणि १७६२ साली दत्तक गादीवर बसवला. त्या वेळी पुण्यात नानासाहेब नव्हते. पानिपताचा आघात सोसून जून १७६१ मध्ये ते वारले होते. पेशवेपदी कोवळे माधवराव होते, आणि समोर विस्कटलेली घडी.

विश्वासरावांना चुकलेल्या गोळीने हे सारे बदलले असते. उत्तरेतून विजयी होऊन आलेल्या पेशवाईपुढे जिजाबाईंचा आग्रह कितपत टिकला असता? पानिपताचे स्मरण आपण अखंड शोकाच्या सुरात करतो. म्हणून त्या पराभवामुळे काय वाचले याचा हिशेब पर्यायी इतिहासातही मांडला जात नाही. कोल्हापूरची गादी तेव्हा विलीन झाली असती, तर तिच्यावर पुढे दत्तकविधानानेच आलेले शाहू महाराज कोठे असते, आणि राज्याच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या विश्वात कोणी काढला असता?