अधांतरी मठ आणि त्यांचा दोर

श्रोतेहो, ‘अधांतरी’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. ठरत आलेले लग्न अडले किंवा कोर्टातला दावा रेंगाळला, की आपण म्हणतो, “सगळं अधांतरी आहे.” पण ज्याचे नावच अधांतरी आहे, असे एक ठिकाण ग्रीस देशात आहे. त्याला मेटेओरा म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ हवेत उचललेले, टांगलेले असा होतो. तिथे उभ्या खडकांच्या माथ्यावर ख्रिस्ती साधूंचे मठ आहेत. आज त्यांची हकीकत सांगायची आहे.

मी तिथे २०१९ साली एकटाच गेलो, आणि आगगाडीने गेलो. अथेन्सहून सकाळी निघालेली गाडी तेव्हा सुमारे पाच तासांनी कलंबाका या शेवटच्या स्थानकात पोचत असे. सोबतीला कोणी नसले की माणूस खिडकीबाहेर पाहतो. बाहेर थेस्सली प्रांताचे सपाट मैदान होते. गव्हाची शेते, कापसाची शेते. हा प्रांत १८८१ पर्यंत तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात होता. तो ग्रीसला मिळाल्यावर पाचच वर्षांत, म्हणजे १८८६ साली, व्होलोस बंदरापासून कलंबाकापर्यंत अरुंद रुळांची गाडी धावू लागली. २००१ साली ते रूळ रुंद झाले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये ‘डॅनिएल’ वादळाचा महापूर आला आणि या मैदानातल्या लोहमार्गाची त्याने फार मोठी हानी केली.

गाडी कलंबाकाला आली, की मैदान एकाएकी संपते आणि समोर राखी रंगाचे सुळके उभे राहतात. काही तर खालच्या मैदानापासून तीनशे मीटरांहून उंच. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे यांचे थर दडपून घट्ट झाले, पुढे जमीन उचलली गेली, आणि ऊन, पाऊस, वारा यांनी झिजून झिजून जे उरले ते हे सुळके. त्यांच्या अंगावर ठिकठिकाणी गुहा आहेत.

या गुहांत सुमारे हजार वर्षांपूर्वी एकेकटे साधू येऊन राहू लागले. जगापासून दूर जावे, कोणाचे तोंड पाहू नये, देवाचे नाव घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा. पण गंमत अशी, की हे एकांतप्रिय साधूही रविवारी गुहांतून खाली उतरत आणि दूपियानी नावाच्या जागी एका लहानशा देवळात एकत्र प्रार्थना करीत. सहा दिवस एकटे राहणाऱ्याला सातव्या दिवशी माणूस लागत होता!

चौदाव्या शतकात अथानासिओस नावाचे साधू इथे आले. ते मूळचे आथोस पर्वतावरच्या मठांतले. तिकडे तुर्की चाच्यांचे हल्ले सुरू झाले, म्हणून ते निघाले. त्यांनी सर्वांत मोठ्या खडकांपैकी एकावर चढून मठ बांधला. तोच ‘महामेटेओरा’. अथानासिओसांनी साधूंना नियम घालून दिला, की एकत्र राहावे, एकत्र जेवावे, काम वाटून घ्यावे. एकेकट्यांच्या गुहांमधून असा एक मठ निर्माण झाला. पुढे भरभराटीच्या काळात इथल्या मठांची संख्या चोवीसपर्यंत गेली. आज त्यांपैकी सहा मठांत वस्ती आहे.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या उंच खडकावर जात कसे? लाकडी शिड्या दोराने एकमेकींना बांधलेल्या असत. संकट आले की त्या वर ओढून घ्यायच्या. नाहीतर जाळ्यात बसायचे. आपल्या घरात दुधाचे भांडे शिंक्यात टांगतात ना, तसे माणसाला दोराच्या शिंक्यात बसवीत आणि वरून चार-सहा साधू रहाट फिरवून त्याला ओढून घेत. वाटेत वाऱ्याने शिंके गरगरा फिरे. दोर केव्हा बदलता, असे कोणी विचारले तर, “देव तो तोडील तेव्हा,” असे उत्तर मिळे, अशी तिकडे एक गोष्ट सांगतात. १८३४ साली रॉबर्ट कर्झन हा इंग्रज प्रवासी इथे आला होता. त्याने या शिड्यांचे आणि जाळ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. खडकात पायऱ्या खोदल्या गेल्या त्या १९२०च्या सुमारास. मी त्याच पायऱ्यांनी धापा टाकीत वर गेलो.

वर गेल्यावर मठाचे जुने स्वयंपाकघर पाहिले. भिंती धुराने काळ्याभोर. शेजारच्या वर्लाम मठात बारा हजार लिटर पाणी मावेल असे लाकडी पिंप आहे. ते पाहताना मनात आले, की हे धान्य, हे तेल, हे सरपण आले कुठून? खडकावर तर गहू पिकत नाही. ते आले खालच्या मैदानातून, शेतकऱ्याच्या कष्टातून आणि त्याच दोराने. मठ अधांतरी दिसत असला, तरी तो खालच्या गावाच्या आधारावर उभा होता. १९४३ साली जर्मन सैन्याने कलंबाका गाव जाळले. त्या युद्धाची झळ वरच्या मठांनाही लागल्याशिवाय राहिली नाही.

पण श्रोतेहो, या मठांना आणखी एक दोर होता, आणि तो थेट आपल्या देशापर्यंत पोचतो.

अथानासिओसांच्या मागून महामेटेओरा मठ ज्याने वाढविला, तो एक राजपुत्र होता. त्याचे नाव जॉन उरोश. थेस्सलीवर राज्य करणाऱ्या सर्बियन घराण्यातला. त्याने गादी सोडली, साधू झाला आणि ‘इओआसाफ’ हे नाव घेतले. हे नाव त्या काळच्या एका अतिशय लोकप्रिय कथेतल्या नायकाचे. कथा अशी: एका राजाला मुलगा होतो. हा मुलगा संन्यासी होईल, असे भाकीत होते. राजा त्याला महालात सुखात कोंडून ठेवतो. तरी एके दिवशी राजपुत्राच्या दृष्टीस रोगी माणूस पडतो, म्हातारा पडतो, आणि त्याचे मन उडते. मग वर्लाम नावाचा साधू त्याला उपदेश करतो आणि तो राज्य सोडून जातो.

ओळखीची वाटली ना? ही आपल्या गौतम बुद्धाचीच कथा! ती भारतातून मध्य आशियात गेली, तिथून अरबीत, अरबीतून जॉर्जियाच्या भाषेत, आणि सन १००० च्या आसपास ग्रीक भाषेत. बहुतेक अभ्यासक मानतात, की ग्रीक रूप एव्थिमिओस या जॉर्जियन साधूने आथोस पर्वतावर तयार केले. होय, अथानासिओस जिथून आले तोच हा पर्वत. या प्रवासात ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे ‘बूदासाफ’, ‘यूदासाफ’ असे होत होत ‘इओआसाफ’ झाले. ख्रिस्ती पंचांगात तो संत म्हणून नोंदलाही गेला. सांगणाऱ्याला माहीत नव्हते आणि ऐकणाऱ्यालाही माहीत नव्हते, की आपण बुद्धाचे नाव घेत आहोत.

शिक्षक बंधुभगिनींना एक सांगावेसे वाटते. वर्गात बुद्धचरित्र शिकवाल तेव्हा नकाशावर ग्रीसही दाखवा. आपला धर्म, आपला देश, आपला इतिहास असे कप्पे आपण करतो. पण एक गोष्ट कोणत्याही सीमेवर न थांबता हजारो कोस गेली, आणि तिच्यातल्या नायकाचे नाव एका परक्या राजपुत्राने संन्यास घेताना स्वतःला लावून घेतले.

संध्याकाळी मी पायऱ्या उतरू लागलो. मठाकडे जाणाऱ्या तारेवरून एक पाळणा सामान घेऊन हळूहळू वर चालला होता. आता दोराच्या जागी तार आली आणि माणसांच्या हातांऐवजी यंत्र आले. पाळण्यात बहुधा भाजी असावी. खालच्या शेतातली भाजी वर मठाच्या स्वयंपाकघराकडे निघाली होती. तो पाळणा वर पोचेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.