शिवनाथचे पाणी आणि नळबणाचे बेट

बेट उजाड झाले की तेथे रोपे लावावीत, कुंपण घालावे आणि पावसाची वाट पाहावी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. चिलिका सरोवरातील बेटांचा इतिहास हा समज खोडून काढतो. तेथील वनस्पती परतल्या त्या प्रामुख्याने रोपवाटिकेमुळे नव्हे. आधी पाण्यातील मीठ परतले, मग वनस्पती परतल्या. आणि या इतिहासाचा एक धागा थेट आमच्या दुर्गपर्यंत येतो.

दुर्ग शहराला लागून वाहणारी शिवनाथ पुढे शिवरीनारायणच्या परिसरात महानदीला मिळते. महानदी हिराकूड धरण ओलांडून कटकजवळ नराज येथे पोचते आणि तेथे तिला फाटे फुटू लागतात. काठजोडी, तिच्यापासून कुआखाई आणि कुआखाईपासून दया व भार्गवी अशा शाखांनी या पाण्याचा एक वाटा चिलिकात उतरतो. चिलिका हे लगून आहे. वाळूच्या लांब पट्ट्याने ते समुद्रापासून अलग झालेले असून एका अरुंद मुखाने त्याच्याशी जोडलेले आहे. त्याचा विस्तार उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर असतो, तर पावसाळ्यात तो ११०० चौरस किलोमीटरांच्या पुढे जातो. नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी यांचा समतोल ऋतूगणिक बदलत राहतो. तेथील सारी जीवसृष्टी याच बदलत्या समतोलावर उभी आहे.

राजकीय इतिहासातही या प्रवाहाची दोन्ही टोके एकेकाळी एकाच सत्तेखाली होती. १७५१ च्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला. छत्तीसगडही त्यांच्याच अमलाखाली होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि नदीचा उगमाकडील भाग व मुखाकडील भाग यांचे कारभार वेगळे झाले. नदीला अर्थातच त्याची वार्ता नव्हती.

चिलिकाच्या जीवसृष्टीचा पद्धतशीर शास्त्रीय अभ्यास १९१४ च्या सुमारास नेल्सन अ‍ॅनंडेल आणि स्टॅनले केम्प यांनी हाती घेतला. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे अ‍ॅनंडेल हे पहिले संचालक. चिलिकातील बरकुडा बेटावर त्यांना पाय नसलेला एक सरडावर्गीय प्राणी आढळला. १९१७ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात त्या बेटाचे नाव कायमचे गुंफले. इवल्याशा बेटावरही एखादी जात आपले वेगळे जग उभारू शकते, याचा तो पुरावा होता.

१९८१ मध्ये चिलिका रामसर यादीत समाविष्ट झाले. भारतातील पहिल्या दोन रामसर स्थळांपैकी ते एक. दुसरे भरतपूरचे केवलादेव. मात्र १९९३ पर्यंत त्याची अवस्था इतकी ढासळली की धोक्यातील पाणथळ जागांच्या माँत्रो नोंदवहीत त्याचे नाव घालावे लागले. कारणे दोन दिशांनी आली होती. वरच्या पाणलोटातून माती वाहून येत होती आणि तळ उथळ होत होता. किनाऱ्यालगत सरकणाऱ्या वाळूने समुद्राचे मुख दूर ढकलले जात होते आणि अरुंदही होत होते. भरतीचे पाणी आत पोचेनासे झाले, क्षारता घटली आणि जलपर्णी व नळ यांनी पाणी व्यापायला सुरुवात केली.

येथे ‘मूळची वनस्पती’ या शब्दांचा अर्थ नीट तपासावा लागतो. सरोवराच्या मध्यभागी सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटरचे नळबण नावाचे बेट आहे. १९८७ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. नावातला नळ म्हणजे मराठीतलाच नळ, बोरूसारखे उंच वाढणारे गवत. ते तेथे परके नाही. परंतु पाणी गोडे होताच हाच स्थानिक नळ आक्रमकासारखा पसरू लागतो. त्याने चिखलाचे उघडे पट्टे झाकले की स्थलांतरित पाणपक्ष्यांना चरायला जागा उरत नाही. वनस्पती स्थानिक आहे की नाही, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ती किती आणि कोठे वाढावी, हे पाण्यातील मीठ ठरवते. शिवाय हे बेट पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात पुन्हा वर येते. अशा जागी वृक्षारोपणाचा सोहळा निरर्थक ठरला असता.

उपाय शोधण्यात पुण्याजवळील खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्राचा वाटा होता. तेथे गणिती प्रतिमानांच्या साहाय्याने भरतीच्या प्रवाहाचा अभ्यास झाला. त्यानंतर चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये वाळूचा पट्टा कापून समुद्राकडे नवे मुख उघडले. क्षारता वाढली, गोड्या पाण्यातील तण मागे हटले आणि सागरी गवताची कुरणे पुन्हा विस्तारली. १९९९-२००० मध्ये जेमतेम १,७०० टनांच्या आसपास उतरलेली वार्षिक मासळी दोन वर्षांत १२,००० टनांच्या जवळ गेली. २००२ मध्ये माँत्रो नोंदवहीतून चिलिकाचे नाव वगळण्यात आले.

तरीही हे यश केवळ अभियांत्रिकीच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. १९९० च्या दशकारंभी औद्योगिक कोळंबीपालनाविरुद्ध मच्छीमारांनी चिलिका बचाव आंदोलन उभारले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिका आणि पुलिकत यांच्याभोवती १००० मीटरपर्यंत असे मत्स्यशेतीचे उद्योग करण्यास मनाई केली. निकालानंतरही कोळंबीच्या अवैध घेऱ्या उठल्या नाहीत. मे १९९९ मध्ये त्याच संघर्षात सोराना येथे पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा बळी गेला. सरोवर वाचावे ही मागणी सर्वांत आधी, आणि सर्वांत जास्त किंमत मोजून, काठच्या लोकांनी केली होती.

उत्तर काठावरच्या मंगळाजोडी गावाने दुसरा मार्ग दाखवला. तेथे पाणपक्ष्यांची शिकार हा अनेकांचा व्यवसाय होता. २००० च्या सुमारास त्याच शिकाऱ्यांपैकी काहींनी महावीर पक्षी सुरक्षा समितीच्या रूपाने राखणदारी पत्करली. नळाच्या दलदलीत कोणता पक्षी कोठे घरटे करतो, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासूनच होते. बदलला तो त्याचा उपयोग. पाणलोटातील गावांनाही मृदसंधारणाच्या कामात सामील करून घेण्यात आले, कारण डोंगरउतारावर अडवलेली माती सरोवराच्या तळाशी साचत नाही.

आता प्रश्न आपल्याकडे वळतो. महानदीच्या पाण्यावरून छत्तीसगड आणि ओडिशा यांच्यात वाद आहे आणि त्यासाठी २०१८ मध्ये लवाद नेमला गेला. भिलाईचा पोलाद कारखाना ज्या तांदुळा जलाशयाचे पाणी वापरतो, ती तांदुळा शिवनाथचीच उपनदी. आमची शेती, आमचे कारखाने आणि आमच्या वसाहती यांची गरज खरी आहे. परंतु वाटपाच्या हिशेबात पाण्याचे मोजमाप केवळ घनमीटरांत झाले, तर एक गोष्ट नोंदीतून सुटेल. लगूनला वर्षभराचे एकूण पाणी पुरेसे नसते. त्याला पुराच्या वेळी पूर आणि ओहोटीच्या वेळी ओहोटी हवी असते. पुराचा जोर मुखाशी साचलेली वाळू धुऊन काढतो. तो जोर ओसरला की वाळू पुन्हा जमते, मीठ घटते आणि नळ पुढे सरकतो.

म्हणून नदीच्या वाटपात शेत, कारखाना आणि शहर यांच्याबरोबर सरोवराचाही हिस्सा मांडला गेला पाहिजे, आणि तो ऋतुमानाप्रमाणे मांडला गेला पाहिजे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब शिकून घ्यावा. नळबणावर हिवाळ्यात चिखलाचा पट्टा उघडा राहील की नाही, याचा निर्णय काही अंशी शिवनाथच्या काठावरही होत असतो.