साडू बोलतात कुठून?

माणूस फोनवर सगळ्यात जास्त खोटं बोलतो ते आपल्या ठिकाणाविषयी. अंगाला साबण लावलेला माणूसदेखील "हा काय, रस्त्यातच आहे" असं बेधडक सांगतो. पूर्वी ही सोय नव्हती. फोन घरात एका जागी बांधलेला असे. ०२५७ फिरवलं की जळगाव, ०२५६२ फिरवलं की धुळे. धुळ्याचा माणूस धुळ्यातूनच बोलायचा, त्याचा इलाज नव्हता.

हे आठवायचं कारण आमचे धुळ्याचे साडू. त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते, मीही म्हणतो. आम्हा दोघांना एकच व्यसन आहे: हौशी रेडिओ. हा रेडिओ ऐकायचा नसतो, बोलायचा असतो. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, 'व्हीयू'पासून सुरू होणारं एक सांकेतिक नाव मिळवायचं आणि गच्चीवर तार ताणून जगाला हाका मारत बसायचं. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की रात्री दोन वाजता ब्राझीलच्या परक्या माणसाला तुम्ही "आपला आवाज फार सुरेख येतोय" म्हणता. मला हे वाक्य लग्नापासून एकदाही ऐकायला मिळालं नाही.

या छंदात एकच प्रश्न महत्त्वाचा: कुठून बोलताय? कारण सगळी गंमत अंतराची. आणि अंतराचा पुरावा मागायची खोड या विद्येला जन्मापासूनच लागली आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीनं न्यूफाउंडलंडला पतंगाला तार बांधून इंग्लंडमधल्या पोल्ढूहून आलेले तीन 'टिक' ऐकले. ऐकणारे दोघेच, एक मार्कोनी आणि दुसरा त्याचा मदतनीस केम्प. लोक म्हणाले, तुमचे कान वाजले असतील. मार्कोनी भांडत बसला नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो 'फिलाडेल्फिया' बोटीत यंत्र घेऊन बसला, आलेले संदेश कागदाच्या पट्टीवर उमटवून घेतले आणि त्यावर कप्तानाची सही घेतली. पुढे १९२०च्या दशकात कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी हे वेड आपल्याकडे आणलं. पण कागद हवा, ही चाल तीच राहिली. बोलणं झालं की समोरचा माणूस दिवस, वेळ, लहरीची लांबी लिहून एक कार्ड पाठवतो. असे शंभर देश जमले की अमेरिकेतली १९१४ साली स्थापन झालेली रेडिओ रिले लीग प्रमाणपत्र देते. ही शंभरी १९३७ पासून चालू आहे. तिच्यापायी किती संसारांत किती भाज्या करपल्या, याची मोजदाद मात्र कुणी ठेवलेली नाही.

धुळ्याच्या माणसाला तर अस्सल कागदाचं महत्त्व सांगायलाच नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा करत धुळ्याला आले, तिथंच १९२६च्या अखेरच्या दिवशी गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आप्पांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. कागद कुठला, कुणाच्या घरचा, याची चौकशी केल्याशिवाय राजवाडे पुढं जात नसत. आप्पा त्या वाटेनं रोज जातात. नुसते जातात.

गेल्या उन्हाळ्यात आप्पांचा आकडा एकाएकी वाढू लागला. महिन्याभरात अकरा नवे देश! बहुतेक सगळी वेस्ट इंडीजकडची बेटं. वहीच्या पानाचा फोटो ते मला मोबाइलवर पाठवत, खाली हसरा चेहरा. एका नोंदीवर माझी नजर अडली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, ४० मीटरची लहर. आता मे महिन्यात खानदेशात दुपारी तीनला माणूससुद्धा घराबाहेर पडत नाही, तिथं ४० मीटरची लहर काय पडणार? दिवसा आकाशातला खालचा थर तिला पिऊन टाकतो. पुणं-नागपूर ऐकू आलं तरी नशीब. पण माझ्या शास्त्रापेक्षा आमच्या घरचं हेरखातं तेज. आतून आवाज आला, "त्या दिवशी ताईकडे दोन ते पाच लाइटच नव्हती. बिचारी पंख्याविना घामाघूम झाली होती."

मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं धुळं गाठलं. शेवभाजीचा पहिला घास पोटात जाईपर्यंत गप्प राहिलो, मग विचारलं, "आप्पा, लाइट नव्हती तर बोललात कशावर?"

आप्पांनी कांदा फोडला. "मोबाइलवर."

उलगडा झाला. त्यांच्या पुतण्याचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्टेशन आहे, उंच मनोरा, दणकट यंत्र. ते इंटरनेटला जोडलेलं. आप्पा धुळ्यात खाटेवर पडून मोबाइलात बोलत. आवाज तारांतून अमेरिकेला जाई आणि तिथून हवेत सुटे. तिथं पहाट, बेटं शेजारीच. आप्पा नाव सांगत ते मात्र आपलं, 'व्हीयू'वालं. पलीकडच्याला वाटे, वा, हिंदुस्थानातून काय आवाज येतोय!

दुरून स्टेशन चालवण्यात पाप नाही, हे मीही मानतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोसायटी तार बांधू देत नाही, कुणाला गुडघ्यांमुळे गच्ची चढवत नाही. त्यांनी छंद सोडावा का? पण नियम साधा आहे: यंत्र जिथं, स्टेशन तिथं. अमेरिकेच्या हवेत बोलायचं तर तिथल्या कायद्यानं, तिथलं ठिकाण सांगून बोलावं.

"ठिकाण लपवलं तर काय झालं?" आप्पा उसळले. "बेचाळीसच्या काँग्रेस रेडिओनं सांगितलं होतं का ठिकाण? उषा मेहता मुंबईतच होत्या, पण घोषणा व्हायची ती हिंदुस्थानात कुठूनतरी बोलतोय अशीच!"

"आप्पा, त्या इंग्रज पोलिसांपासून लपत होत्या. १२ नोव्हेंबर १९४२ला पकडल्या गेल्या, चार वर्षांची शिक्षा झाली. तुम्ही साडूपासून लपताय."

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा शंभरावा देश कसा झाला हो?"

माझा घास घशात अडकला. माझी शंभरी आफ्रिकेतल्या एका स्टेशननं पुरी झाली होती. हाक मी जळगावच्या गच्चीवरूनच मारली होती. पण शेजारपाजारच्या एल.ई.डी. दिव्यांच्या खरखरीत उत्तर काही ऐकू येईना. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २००८ पासून एक रेडिओ इंटरनेटवर सगळ्यांना फुकट ऐकायला ठेवलाय. मी तो कानाला लावला आणि माझंच नाव स्वच्छ ऐकलं. तोंड जळगावात, कान हॉलंडात! बोलायचं आणि ऐकायचं यंत्र ५०० मीटरच्या वर्तुळात हवं, हा शंभरीचा नियम मला पाठ होता. आप्पांना तोही पाठ होता आणि माझी बढाईही.

परतीच्या एस.टी.त खिडकीतून लू आत येत होती. मला भारती प्रसाद यांची आठवण झाली. डिसेंबर २००४ मध्ये त्या आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या त्या छंदापोटीच. जगभरच्या हौश्यांना अंदमान हे दुर्मीळ ठिकाण मिळावं एवढाच हेतू. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि आदल्या दिवसापर्यंत आकडे मोजणारं ते यंत्र माणसांचा ठावठिकाणा मुख्य भूमीला कळवू लागलं. कोण जिवंत, कुठं आहे. त्या दिवशी ऐकणाऱ्यानं ते अंदमानच आहे यावर विश्वास ठेवला, कारण या हवेत ठिकाण खरं सांगायची रीत होती. आम्ही दोघे साडू तीच रीत कुरतडत होतो, एक अकरा घासांनी आणि एक एका घासानं. घास लहान म्हणून उंदीर काही गाय होत नाही.

घरी आल्यावर आफ्रिकेचं कार्ड भिंतीवरून काढलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. नव्याण्णव. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्यासाठी धुळ्याला गेला होतात?" आठवड्यानं आप्पांकडून वहीच्या पानाचा फोटो आला. अकरा ओळींवर लाल रेघ. खाली हसरा चेहरा नव्हता.

आता रोज दुपारी तीनला आम्ही ४० मीटरवर भेटतो. जळगाव ते धुळे, नव्वदएक किलोमीटर. कुठल्याच प्रमाणपत्रात याचा आकडा धरत नाहीत. मी सवयीनं विचारतो, "आप्पा, कुठून बोलताय?" परवा उत्तराआधीच मागून कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि पाठोपाठ ताईंचा आवाज: "अहो, ते खोकं बंद करा आणि दळण आणा!"

मी वहीत नोंद केली. ठिकाण, धुळे. पुरावा, अस्सल.